नको असलेल्या युद्धाची वाट : ‘पाथ टू वॉर’ आणि लिंडन जॉन्सन

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर केल्यावर काही श्रोत्यांनी विचारलं की, युद्धावरचा चित्रपट निवडायचा आणि त्यात लढाई जवळजवळ नाहीच, हे कसं काय? प्रश्न रास्त आहे. ‘पाथ टू वॉर’ हा पावणेतीन तासांच्या घरातला चित्रपट आहे, आणि त्यातला बहुतेक वेळ कोट-टायमधली माणसं एका लांब टेबलाभोवती बसून बोलत असतात. नकाशे, फायली, टेलिफोन, आणि पुन्हा बैठक. आम्ही हा चित्रपट निवडला तो याच कारणासाठी. युद्ध रणांगणावर लढलं जातं हे आपल्याला माहीत असतं. ते ठरतं कुठे, आणि ठरवणाऱ्यांना ते मनापासून नको असतानासुद्धा कसं ठरतं, हे फार थोड्या कलाकृती दाखवतात.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांनी आम्ही शेवट फोडू अशी काळजी करू नये. शेवट सगळ्या जगाला माहीत आहे.

आधी थोडी माहिती. एचबीओ या वाहिनीने हा चित्रपट मे २००२ मध्ये दाखवला. दिग्दर्शक जॉन फ्रँकेनहायमर. १९६२ चा ‘द मांचुरियन कँडिडेट’ आणि १९६४ चा ‘सेव्हन डेज इन मे’ हे त्यांचेच. राजकारणातल्या बंद खोल्यांचं त्यांना आयुष्यभर आकर्षण होतं, आणि नुसतं बाहेरून नव्हे. रॉबर्ट केनेडी यांचे ते स्नेही होते. जून १९६८ मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्या हॉटेलात केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या, तिथे त्या संध्याकाळी त्यांना गाडीतून पोचवलं होतं ते फ्रँकेनहायमर यांनीच. ‘पाथ टू वॉर’ प्रक्षेपित झाला आणि सात आठवड्यांत, ६ जुलै २००२ रोजी ते गेले. हे त्यांचं शेवटचं काम.

अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांची भूमिका केली आहे मायकेल गॅम्बन यांनी. तरुण श्रोत्यांना ते हॅरी पॉटरमधले डम्बलडोर म्हणून माहीत असतील. डब्लिनमध्ये जन्मलेला, लंडनच्या रंगभूमीवर वाढलेला हा नट टेक्सासचा रांगडा राजकारणी करतो. पहिली दहा मिनिटं उच्चार थोडे खटकतात, मग आपण विसरून जातो. संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा झाले आहेत अ‍ॅलेक बाल्डविन. आणि जॉन्सन यांचे जुने सल्लागार, वॉशिंग्टनमधले मुरलेले वकील क्लार्क क्लिफर्ड यांच्या भूमिकेत डोनल्ड सदरलँड. या भूमिकेसाठी सदरलँड यांना गोल्डन ग्लोब मिळालं.

चित्रपट सुरू होतो जानेवारी १९६५ मध्ये, शपथविधीनंतरच्या मेजवानीत. नाच चालू आहे, जॉन्सन खुशीत आहेत. खुशीत असायला कारणही होतं. नोव्हेंबर १९६४ ची निवडणूक त्यांनी ६१ टक्के मतं मिळवून जिंकली होती. काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत त्यांच्या पक्षाचं भक्कम बहुमत. आणि त्यांच्या डोक्यात एक मोठा संसार मांडायचा होता: म्हाताऱ्यांना सरकारी आरोग्य विमा, गरीब शाळांना पैसा, कृष्णवर्णीयांना मतदानाचा खराखुरा हक्क. ‘ग्रेट सोसायटी’ हे त्याचं नाव. जॉन्सन स्वतः टेक्सासच्या डोंगराळ, कोरडवाहू भागातून आलेले. तरुणपणी मेक्सिकन वंशाच्या गरीब मुलांच्या शाळेत त्यांनी शिकवलं होतं. या कार्यक्रमाबद्दलची त्यांची तळमळ खोटी नव्हती, हे त्यांचे टीकाकारही मान्य करतात.

मग असा माणूस व्हिएतनाममध्ये गेलाच कशाला?

याचं सोपं उत्तर आपल्याकडे तयार असतं. एक तर त्यांना काही कळत नव्हतं, किंवा लष्कराने फसवलं, किंवा सत्तेची मस्ती. आमच्या मते ही तिन्ही उत्तरं अपुरी आहेत. तुम्ही म्हणाल, कशावरून? तर जॉन्सन यांना टेलिफोनवरची संभाषणं ध्वनिमुद्रित करून ठेवायची सवय होती, आणि त्या फिती आता सर्वांना ऐकता येतात. २७ मे १९६४ या एकाच दिवसाचे दोन फोन ऐका. एक त्यांचे जुने मित्र, जॉर्जियाचे सिनेटर रिचर्ड रसेल यांच्याशी, दुसरा राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडी यांच्याशी. जॉन्सन सांगतात की, ही जागा लढण्याच्या लायकीची आहे असं आपल्याला वाटत नाही, आणि तिथून बाहेरही पडता येईल असं दिसत नाही. आपल्याकडे काम करणाऱ्या एका सार्जंटचा ते उल्लेख करतात. त्याला सहा मुलं. या माणसाला मी तिथे नेमकं कशासाठी पाठवायचं, असा त्यांचा सवाल आहे. आणि रसेल यांना ते हेही सांगतात की, पळ काढणाऱ्या अध्यक्षावर हे लोक महाभियोग चालवतील.

हे सगळं पहिली लढाऊ तुकडी उतरण्याच्या नऊ-दहा महिने आधीचं आहे. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी आपल्याकडे म्हण आहे. जॉन्सन यांची अवस्था याहून नेमक्या शब्दांत सांगता येणार नाही.

सोडायची भीती कसली होती? इथे थोडं मागे जावं लागतं. १९४९ मध्ये चीन कम्युनिस्टांच्या ताब्यात गेला, आणि अमेरिकेत ‘चीन कोणी घालवला’ अशी बोंब उठली. त्या आरोपाने ट्रुमन यांचं सरकार पोखरलं गेलं, आणि मॅकार्थी नावाच्या सिनेटरने त्या वातावरणात कित्येकांची आयुष्यं नासवली. जॉन्सन त्या काळात सिनेटमध्ये बसून हे पाहत होते. त्यांच्या मनाने घेतलं की, आपल्या हातून व्हिएतनाम गेलं तर उजवे लोक आपल्याला फाडून खातील, आणि त्याबरोबर आपली सगळी विधेयकंही मरतील. म्हणजे गरिबांसाठीचे कायदे वाचवायचे तर युद्ध टाळता येत नाही, असा हा हिशेब. पुढे निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या चरित्रकार डोरिस कर्न्स यांना स्वतःच ही कोंडी सांगितली होती. एकीवर खरं प्रेम होतं आणि दुसरीने घर बुडवलं, अशा अर्थाच्या भाषेत. मूळ शब्द बरेच शिवराळ आहेत, ते इथे नकोत.

आता पावलं पाहू. दुखणं हत्तीच्या पायाने येतं आणि मुंगीच्या पायाने जातं म्हणतात. हे युद्ध आलंच मुंगीच्या पायाने.

७ फेब्रुवारी १९६५. दक्षिण व्हिएतनाममधल्या प्लेकू इथल्या तळावर गनिमांचा हल्ला होतो, आठ अमेरिकन सैनिक मरतात. बंडी नेमके तेव्हा व्हिएतनाममध्येच होते. लगेच उत्तरेवर बदल्याचे हवाई हल्ले. बंडी नंतर म्हणाले की, प्लेकूसारखे प्रसंग म्हणजे ट्रामसारखे असतात. मतलब, एक गेली तरी काही वेळाने दुसरी येतेच. चढायचं कधी एवढंच ठरवायचं. (आपल्या मुंबईतली शेवटची ट्राम त्याच्या आदल्याच वर्षी बंद झाली होती, हा निव्वळ योगायोग.) २ मार्चला सलग बॉम्बफेकीची मोहीम सुरू झाली, तिचं नाव ‘रोलिंग थंडर’. विमानं उडवायची तर विमानतळ सांभाळायला माणसं हवीत, म्हणून ८ मार्चला दा नांगच्या किनाऱ्यावर सुमारे साडेतीन हजार मरीन सैनिक उतरले. फक्त पहाऱ्यासाठी, असं सांगून. पहारेकऱ्याने कुंपणाच्या आत बसून मार खायचा का? म्हणून एप्रिलच्या सुरुवातीला त्यांना बाहेर पडून हल्ला करायची मुभा मिळाली. तो आदेश काढताना त्याची वाच्यता होऊ नये, अशी सूचनाही सोबत होती. जूनमध्ये जनरल वेस्टमोरलँड यांची मागणी आली : ४४ बटालियन.

यातल्या कुठल्या पावलाला ‘युद्धाचा निर्णय’ म्हणायचं? प्रत्येक पाऊल आधीच्या पावलाची सोय म्हणून टाकलेलं आहे. विमानांसाठी पहारा, पहाऱ्यासाठी गस्त, गस्तीच्या बचावासाठी आणखी फौज. चित्रपट ही साखळी फार चांगली दाखवतो, कारण तो कुठल्याच बैठकीत मोठं संगीत वाजवून ‘आता बघा, इतिहास घडतोय’ असं सांगत नाही.

आणि याच आठवड्यांत दुसऱ्या बाजूला काय चाललं होतं ते विसरू नका. ७ मार्चला, म्हणजे मरीन उतरण्याच्या आदल्या दिवशी, अलाबामातल्या सेल्मा गावी मतदानाचा हक्क मागणाऱ्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. १३ मार्चला जॉन्सन यांनी अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. चित्रपटातला हा प्रसंग पाहण्यासारखा आहे. वॉलेस झालेत गॅरी सिनीज. त्यांनी १९९७ मध्ये फ्रँकेनहायमर यांच्याच दुसऱ्या चित्रपटात हीच भूमिका केली होती. उंचापुरा जॉन्सन त्या ठेंगण्या गव्हर्नरला खोल सोफ्यात बसवतो, स्वतः जवळ सरकून त्याच्यावर वाकतो, कधी चुचकारतो, कधी लाजवतो. दोन दिवसांनी काँग्रेससमोर त्यांनी मतदान हक्काच्या विधेयकासाठी जे भाषण केलं, ते अमेरिकी अध्यक्षांच्या सर्वोत्तम भाषणांत गणलं जातं. माणसं वळवण्याची ही कला जॉन्सन यांच्याएवढी कुणालाच अवगत नव्हती, आणि तिथेच मेख आहे असं आम्हाला वाटतं. त्यांची अशी धारणा होती की जगातला प्रत्येक माणूस शेवटी सौद्याला तयार होतो. ७ एप्रिलला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी मेकाँग नदीच्या खोऱ्याच्या विकासासह आग्नेय आशियासाठी १०० कोटी डॉलरची तयारी दाखवली. टेक्सासमध्ये धरणं आणि वीज आणून त्यांनी लोकांची मनं जिंकली होतीच. पण हो चि मिन्ह हे काही अलाबामाचे गव्हर्नर नव्हते. देश एक करण्याच्या बदल्यात धरण घ्या, हा सौदा त्यांच्या दृष्टीने सौदाच नव्हता.

आता जुलै १९६५. या महिन्यावर आपण जरा रेंगाळू या, कारण चित्रपटाचा गाभा इथे आहे.

परराष्ट्र खात्यात दोन नंबरच्या पदावर जॉर्ज बॉल नावाचे गृहस्थ होते. चित्रपटात ब्रूस मॅकगिल यांनी ही भूमिका अगदी घरगुती साधेपणाने केली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीवरच्या बॉम्बफेकीचा नक्की किती परिणाम झाला याचा अभ्यास करणाऱ्या पथकात बॉल होते. पुढे वकील म्हणून त्यांचा फ्रेंच सरकारशी संबंध आला, आणि १९५४ मध्ये दिएन बिएन फू इथे फ्रेंचांचा कसा निकाल लागला ते त्यांनी जवळून पाहिलं. म्हणजे बॉम्ब टाकून राष्ट्र मोडत नाही, आणि व्हिएतनामच्या जंगलात गोऱ्या फौजेचं काय होतं, या दोन्ही गोष्टी टेबलाभोवतीच्या मंडळींत त्यांनाच सर्वांत जास्त माहीत. ऑक्टोबर १९६४ मध्ये त्यांनी ६७ पानी टिपण लिहिलं होतं. १ जुलैला पुन्हा लिहिलं. २१ जुलैच्या बैठकीत ते स्पष्ट बोलले : हे युद्ध लांबेल, लोक कंटाळतील, आणि मरणाला टेकलेल्या कॅन्सरच्या रोग्याला कोबाल्टचे शेक द्यावेत तसा हा प्रकार आहे. पत गेल्याचं दुःख थोडे दिवस सोसा, पण बाहेर पडा.

जॉन्सन यांनी ऐकलं का? हो. नीट ऐकलं. उलट प्रश्न विचारले. मग इतरांना बोलायला सांगितलं, आणि इतरांनी बॉल यांना खोडून काढलं. आपल्या श्रोत्यांना इथे उद्योगपर्व आठवेल. धृतराष्ट्राला झोप येत नाही, तो विदुराला बोलावतो, विदुर रात्रभर सांगतो. धृतराष्ट्र म्हणतो, तुझं सगळं पटतं. पण दुर्योधन समोर आला की माझी बुद्धी फिरते. जॉन्सन यांचीही झोप उडाली होती. रात्री तीनला उठून ते आपली विमानं परतली का, हे विचारायला खाली नियंत्रणकक्षात जात. फरक असा की जॉन्सन यांच्या दरबारात विदुराची खुर्ची अधिकृत होती. जॉर्ज विरोधात बोलणार हे सर्वांना ठाऊक असायचं, तो बोलायचा, आणि मग विरोधी बाजू ऐकून घेतल्याची नोंद करून सभा पुढे सरकायची. एखाद्या संस्थेच्या कार्यकारिणीत ज्यांनी काही वर्षं काढली आहेत, त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल.

दुसऱ्या दिवशी, २२ जुलैला, सेनाप्रमुखांची बैठक. मरीन दलाचे प्रमुख जनरल ग्रीन यांनी आपला अंदाज दिला : पाच वर्षं, आणि पाच लाख माणसं. २५ जुलैला कॅम्प डेव्हिडमध्ये क्लार्क क्लिफर्ड बोलले. हे गृहस्थ कम्युनिस्टांबद्दल मऊ असल्याचा आरोप कुणी करू शकत नव्हतं. त्यांनी सांगितलं की यात पाच वर्षं जातील, पन्नास हजार माणसं मरतील, अब्जावधी डॉलर जातील, आणि शेवटी आपल्या देशासाठी हे अरिष्टच ठरेल.

हे आकडे जरा लक्षात ठेवा. १९६८ च्या अखेरीस व्हिएतनाममध्ये अमेरिकेची ५ लाख ३६ हजार फौज होती. मेलेल्या अमेरिकनांचा अंतिम आकडा ५८ हजारांच्या वर गेला. म्हणजे दोन्ही अंदाज जुलै १९६५ मध्येच, एकाच आठवड्यात, अध्यक्षांच्या कानावर घातले गेले होते. माहिती नव्हती म्हणून युद्ध झालं, असं म्हणायला जागाच उरत नाही.

२८ जुलैला घोषणा झाली. आणि कशी झाली पाहा. रात्री देशाला उद्देशून भाषण नाही. भर दुपारी एक पत्रकार परिषद, आणि त्याच परिषदेत सर्वोच्च न्यायालयावरच्या एका नेमणुकीची बातमीही. फौज ७५ हजारांवरून सव्वा लाख करतो आहोत; आणखी लागली तर नंतर पाठवू. प्रत्यक्षात वर्षअखेरपर्यंत पावणेदोन लाखांच्या आसपास फौज लागणार, हे आत ठरलेलं होतं. राखीव दल बोलावलं नाही. कर वाढवला नाही. आणीबाणी नाही. का? तर ३० जुलैला म्हाताऱ्यांच्या आरोग्य विम्याच्या कायद्यावर सही व्हायची होती, आणि ६ ऑगस्टला मतदान हक्काच्या कायद्यावर. युद्धाचा खरा खर्च सांगितला असता तर काँग्रेसने विचारलं असतं, मग हे कायदे कशाला? घरात लग्न आहे, म्हणून कर्जाचा आकडा पाहुण्यांना सांगायचा नाही, तसं काहीसं. कायदे झाले, ते आजही टिकून आहेत. पण युद्धावर दहा टक्के अधिभार मागायची वेळ १९६७ मध्ये आलीच. तोवर महागाई वाढली होती, आणि सरकारच्या शब्दावर कुणाचा विश्वास उरला नव्हता.

मॅक्नमारा यांच्याबद्दल थोडं बोलायलाच हवं. फोर्ड मोटर कंपनीचे अध्यक्ष झाल्यावर पाच आठवड्यांत केनेडींनी त्यांना उचलून संरक्षणमंत्री केलं. आकड्यांचा माणूस. तेल लावून चापून बसवलेले केस, बिनकाड्यांचा वाटावा असा पातळ चष्मा, तोंडपाठ टक्केवारी. या युद्धात जिंकलेल्या भूमीवरून प्रगती मोजता येत नव्हती, म्हणून मेलेल्या शत्रूंची मोजदाद सुरू झाली. आणि एकदा वरून आकडा मागितला जायला लागला की खालून आकडा येतोच, तो कसा येतो हे आम्ही वेगळं सांगायला नको. बाल्डविन यांनी हा माणूस आतून हळूहळू तडकताना दाखवला आहे. २ नोव्हेंबर १९६५ रोजी बाल्टिमोरच्या नॉर्मन मॉरिसन या ३१ वर्षांच्या क्वेकर गृहस्थाने पेंटागॉनसमोर, मॅक्नमारांच्या खिडकीखाली, स्वतःला पेटवून घेतलं. बरोबर त्याची वर्षाची मुलगी होती, ती वाचली. चित्रपट हा प्रसंग दाखवतो. मॅक्नमारांनी पुढे लिहिलं आहे की या घटनेबद्दल ते घरातसुद्धा कुणाशी बोलू शकले नाहीत.

त्याच नोव्हेंबरच्या शेवटी त्यांनी अध्यक्षांना कळवलं होतं की मागितलेली फौज पाठवली तरी यशाची खात्री नाही. महिन्याला हजार अमेरिकन मरू लागतील, आणि १९६७ च्या सुरुवातीला आपण अधिक वरच्या पातळीवर पण तिथेच अडकलेले असू, याची शक्यता निम्मी निम्मी आहे. आणि शिफारस काय? फौज पाठवावी. आम्हाला विचाराल तर संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत भयंकर कागद आहे.

१९६६ आणि १९६७ बद्दल फार बोलण्यासारखं नाही, कारण त्यात नवीन काही घडत नाही. तेच वाढत जातं. दर मंगळवारी दुपारच्या जेवणाला बसून अध्यक्ष स्वतः बॉम्बफेकीची ठिकाणं निवडत. ऑगस्ट १९६७ मध्ये मॅक्नमारांनी सिनेटच्या समितीपुढे बॉम्बफेकीचा उपयोग होत नाही असं सांगून टाकलं. नोव्हेंबरात त्यांची जागतिक बँकेवर रवानगी जाहीर झाली. आपण राजीनामा दिला की आपल्याला काढलं, हे आपल्यालाच कळलं नाही, असं ते म्हातारपणीही म्हणत.

३० जानेवारी १९६८ ला व्हिएतनामी नववर्षाच्या, तेतच्या सणात, शहराशहरांतून एकदम हल्ले झाले. लष्करी दृष्ट्या हल्लेखोरांचं प्रचंड नुकसान झालं. पण ‘विजय टप्प्यात आहे’ हे तीन महिन्यांपूर्वीचं सरकारी आश्वासन टीव्हीसमोर बसलेल्या अमेरिकेला खोटं वाटू लागलं. सेनापतींनी आणखी २ लाख ६ हजार माणसं मागितली. नवे संरक्षणमंत्री झाले होते क्लार्क क्लिफर्ड, तेच. मधल्या काळात ते पक्के युद्धवादी बनले होते. एकदा निर्णय झाला की अशिलाच्या बाजूने उभं राहायचं, हा वकिली धर्म. आता त्यांनी सेनाधिकाऱ्यांना बसवून अगदी बाळबोध प्रश्न विचारले. इतकी माणसं पुरतील? सांगता येत नाही. मग किती? सांगता येत नाही. जिंकायची योजना काय आहे? शत्रू कधीतरी थकेल. असल्या उत्तरांनी त्यांचं मत पालटलं. मार्चच्या अखेरीस ‘शहाण्या म्हाताऱ्यां’ची, म्हणजे निवृत्त मुत्सद्द्यांची मंडळी पुन्हा जमली. नोव्हेंबरात त्यांनी ‘टिकून राहा’ म्हटलं होतं. आता बहुतेकांनी ‘निघा’ म्हटलं. ३१ मार्चच्या रात्री जॉन्सन टीव्हीवर आले, उत्तरेवरची बहुतांश बॉम्बफेक थांबवत असल्याचं सांगितलं, आणि शेवटी आपण पुन्हा अध्यक्षपदासाठी उभं राहणार नाही हेही. चित्रपट इथे संपतो.

युद्ध मात्र सात वर्षं संपलं नाही.

आता आमचे आक्षेप. पहिला असा की जानेवारी १९६५ पासून गोष्ट सुरू केल्यामुळे टोंकिनचं आखात सुटून जातं. ऑगस्ट १९६४ मध्ये अमेरिकन युद्धनौकांवर दोनदा हल्ला झाल्याचं सांगून जॉन्सन यांनी काँग्रेसकडून मोकळा परवाना घेतला होता. प्रतिनिधी सभागृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. त्यातला दुसरा हल्ला झालाच नव्हता. ही बाब वगळली की जॉन्सन जास्त निरागस दिसतात.

दुसरा आक्षेप मोठा आहे. गॅम्बन यांचा जॉन्सन इतका व्याकूळ आहे की आपण त्याच्याबरोबर रडू लागतो, आणि ‘बिचारा, अडकला’ असं म्हणून मोकळे होतो. पण अडकला होता का? उपाध्यक्ष ह्युबर्ट हम्फ्री यांनी फेब्रुवारी १९६५ मध्ये एक टिपण पाठवलं होतं. त्यात नीतीचा मुद्दा बाजूला ठेवून शुद्ध राजकीय हिशेब मांडला होता : आपण नुकतेच प्रचंड मतांनी निवडून आलो आहोत, पुढची निवडणूक लांब आहे, तेव्हा बाहेर पडण्यात सर्वांत कमी धोका याच वर्षी आहे. बक्षीस म्हणून हम्फ्रींना व्हिएतनामच्या बैठकांतून बरेच महिने बाहेर ठेवलं गेलं. फ्रेडरिक लोगेवॉल या इतिहासकाराने १९९९ मध्ये आपल्या ग्रंथाला ‘चूझिंग वॉर’, म्हणजे युद्धाची निवड, असं नाव दिलं ते उगीच नाही. आम्ही या मुद्द्यावर चित्रपटापेक्षा लोगेवॉल यांच्या बाजूने आहोत.

आणि तिसरा : ज्यांच्या देशावर हे बॉम्ब पडत होते त्या माणसांना चित्रपटात जवळजवळ जागाच नाही. व्हिएतनाम सरकारने १९९५ मध्ये आपल्या मृतांचा जो आकडा दिला तो नागरिक आणि सैनिक मिळून सुमारे ३१ लाखांचा आहे. यावर कुणी म्हणेल की हा चित्रपट त्या बंद खोलीबद्दल आहे, आणि त्या खोलीतही व्हिएतनामी माणसाला जागा नव्हतीच. मान्य. तरी तो आकडा माहीत असूनच चित्रपट पाहावा.

एका श्रोत्याने आधीच लिहून पाठवलेला प्रश्न आहे, तो घेऊन थांबू. या सगळ्याचा भारताशी काही संबंध होता का? होता, आणि तो थेट आपल्या ताटापर्यंत होता. १९५४ च्या जिनिव्हा कराराच्या देखरेखीसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं, त्यामुळे आपण काय बोलतो याला वजन होतं. १९६५ आणि १९६६ मध्ये लागोपाठ पावसाने दगा दिला. १९६६ साली आपण सुमारे एक कोटी टन धान्य आयात केलं, आणि त्यातलं बहुतेक अमेरिकेचं, ‘पीएल ४८०’ या कायद्याखाली आलेलं. जॉन्सन यांनी ही मदत वर्षाच्या करारातून काढून जवळजवळ महिन्यामहिन्याच्या हिशेबावर आणली. कुठलं जहाज कधी सुटणार हे स्वतः ठरवू लागले. भारताने शेतीवर जास्त खर्च करावा हा त्यामागचा जाहीर हेतू होता, आणि तो खराही होता. पण जुलै १९६६ मध्ये इंदिरा गांधींनी मॉस्कोत बॉम्बफेक बिनशर्त थांबवण्याच्या मागणीवर सही केली, तेव्हा जॉन्सन यांचं डोकं फिरलं हेही तितकंच खरं आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना रेशनवरचा तो अमेरिकन गहू आणि लाल मिलो आठवत असेल. जमलं तर त्यांना विचारा.

पुढच्या व्याख्यानात याच धाग्याने एरल मॉरिस यांचा ‘फॉग ऑफ वॉर’ घेणार आहोत. त्यात ८५ वर्षांचे मॅक्नमारा स्वतः कॅमेऱ्यात बघून बोलतात. ज्यांना शक्य आहे त्यांनी तो आधी पाहून यावं.